रिंग वाकडी असल्याची नोंद घेतली आहे

संजू वाल्मिक बागुल या बारावीतल्या विद्यार्थ्याने मंगळवारी सकाळी सात वाजून चाळीस मिनिटांनी सामरवरणी नाक्यावर निळ्या रंगाची पाण्याची बाटली विकत घेतली. आठच्या आत ही बातमी फोनवरच्या एका गटातून चारशे बारा लोकांना कळली होती. त्यातल्या एकोणतीस जणांनी रडकं तोंड पाठवलं, सहा जणांनी हात जोडले आणि एकाने, बहुधा चुकून, वाढदिवसाचा केक पाठवला.

उदय पिंगळे तेव्हा सिल्वासाजवळच्या सायली गावातल्या कारखान्यात सकाळच्या मीटिंगला बसले होते. कारखाना प्लास्टिकच्या धाग्याचा आणि पिंगळे तिथले क्वालिटी मॅनेजर. धाग्याचं रिजेक्शन दोन टक्क्यांनी वाढल्याचं कोणीतरी सांगत होतं, तेवढ्यात पिंगळ्यांनी टेबलाखाली फोन पाहिला आणि त्यांचा चेहरा पडला. जनरल मॅनेजरांनी तो बघितला. कंपनीशी असा जिव्हाळा हवा, असं ते सगळ्यांना उद्देशून म्हणाले, आणि पिंगळ्यांना चहा जास्त मिळाला.

निळा हा वापीच्या कॉलेजचा रंग. सिल्वासाच्या नवतरंग कॉलेजचा रंग हिरवा. नवतरंगचा बास्केटबॉलचा संघ गेली सहा वर्षं आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत शेवटचा येत होता, आणि एका वर्षी संघ आठच असताना तो नववा कसा आला याचा खुलासा अजून झालेला नाही. अशा संघालाही समर्थक मंडळ होतं. पुण्या-मुंबईहून आणि नाशिकहून नोकरीसाठी आलेले इंजिनियर आणि मॅनेजर त्यात होते, आणि पिंगळे अध्यक्ष होते. अठरा वर्षं सिल्वासात राहूनही लोक त्यांना अजून ‘गाव कुठलं’ असं विचारत. नाशिकला गेलं की तिथले विचारत, परत कधी. पिंगळ्यांना कशाला तरी ‘आमचा’ म्हणायचं होतं, आणि या हरणाऱ्या संघाला आमचा म्हणायला दुसरं कोणी तयार नव्हतं.

त्यात संजू उगवला. सहा फूट पाच इंच उंची, आंतरशालेय अंतिम सामन्यात एकट्याचे एकतीस गुण. बाप वाल्मिक पिंगळ्यांच्याच कारखान्यात पॅकिंगला, आई तानूबाई, राहायला सामरवरणीच्या चाळीत, मूळ गाव धुळ्याकडचं. कॉलेजचे प्रवेश वीस जूनपर्यंत होते. संजू नवतरंगला आला तर संघ वर येणार, वापीला गेला तर पुढची तीन वर्षं याच पोराकडून मार खायचा. पिंगळे या विचाराने वरण-भातही नीट जेवत नव्हते.

पिंगळे ज्या कामाला हात लावत त्याचा फॉरमॅट तयार होई. नमुना क्रमांक एक, उमेदवाराचे दैनंदिन निरीक्षण. नमुना क्रमांक दोन, उमेदवाराची विधाने. नमुना क्रमांक तीन, अर्थ. सदस्यांना शिफ्ट लावून दिल्या होत्या. अन्न समिती तो काय खातो ते पाही, वस्त्र समिती काय घालतो ते. संजूला थेट काही विचारायला मात्र सक्त मनाई होती. थेट विचारणं म्हणजे दबाव, आणि दबावाखाली घेतलेलं रीडिंग ऑडिटमध्ये टिकत नाही, असं पिंगळ्यांनी पहिल्याच सभेत समजावलं होतं.

बाटलीच्या प्रकरणावर त्या दिवशी बारापर्यंत चर्चा झाली. शेवटी सदस्य गौरी देशमुख यांनी दुकानात जाऊन खात्री केली. दुकानात फक्त निळ्याच बाटल्या होत्या. यावर मंडळाचे सचिव विश्वनाथ फाटक म्हणाले की मग तर हे जास्तच गंभीर आहे, कारण त्याला तहान सहन करण्याचा पर्याय उपलब्ध होता. फाटक दुसऱ्या एका कारखान्यात माणसांच्या खात्याचे मॅनेजर होते.

त्या संध्याकाळी पिंगळे स्वतः शाळेच्या मैदानावर गेले. संजू एकटाच बास्केट मारत होता. चेंडू एकामागून एक रिंगेच्या कडेला लागून बाहेर जात होता. पिंगळ्यांनी नमुना क्रमांक एक भरायला घेतला, तसा संजू घाम पुसत त्यांच्याकडेच आला.

“काका, तुम्ही कंपनीत मोठे साहेब आहात ना? ही रिंग जरा सीधी करवून द्या ना. डावीकडं झुकलीय. इथं बसतो तो शॉट मॅचमध्ये बाहेर जातो, आणि मॅचचा इथं बसत नाही. सरांना चार वेळा बोललो, ते म्हणतात बजेट नथी.”

“आणखी काही?” पिंगळ्यांनी विचारलं. विधानं पूर्ण उतरवून घ्यायचा नियम होता.

“नाही. एवढंच.”

पिंगळ्यांनी ते शब्दशः लिहिलं, वेळ टाकली आणि त्याची सही घेतली. संजूला वाटलं अर्ज झाला. तो खूश होऊन घरी गेला.

रात्रीच्या जेवणाआधीच गटावर अर्थ निघाला. फाटकांनी नकाशा टाकला. मैदानावर उभं राहिलं की रिंगेची डावी बाजू पश्चिमेला येते, आणि वापीही पश्चिमेला आहे. मुलगा सुचवतोय, आपल्याला कळत नाही, असं त्यांनी लिहिलं. एका सदस्याने, गावात त्याचा वेल्डिंगचा कारखाना आहे, भीत भीत विचारलं की रिंग खरंच वाकडी असेल तर माणूस पाठवू का. त्याला विषयाला धरून बोलण्याची सूचना देण्यात आली.

पिंगळे न्यायी होते. त्यांनी रिंगेची पाहणी लावली. दोन इंजिनियर लेसरचं यंत्र घेऊन आले, शिडी आणली, वर चढले. रिंग डावीकडे अडतीस मिलिमीटर खाली आहे, असा चौदा पानी अहवाल तयार झाला. दोनशे सतरा फोटो काढले. मग शिडी उतरवून सगळे चहा प्यायला गेले. संजू बाजूला चेंडू घेऊन उभा होता. शिडीवर चढलेला माणूस रिंगेला हात न लावता उतरतो कसा, हे त्याला समजेना.

कारण साधं होतं. रिंग दुरुस्त केली आणि संजू वापीला गेला, तर मंडळाच्या खर्चाने सरळ झालेला हात वापीच्या कामी येणार. म्हणून दुरुस्ती मंजूर झाली, पण सशर्त. आधी उमेदवाराने नवतरंग निवडावं, मग रिंग सरळ होईल. ही अट उमेदवाराला कळवायची नव्हती, कारण कळवणं म्हणजे दबाव.

“उदय,” पिंगळ्यांची बायको अंजली जेवताना म्हणाली, “एक वेल्डर पाठवला असतास तर अर्ध्या तासाचं काम होतं.”

“वेल्डर आहेत. चार आहेत. कार्यपद्धती नाही.”

“त्या मुलाला विचारलंत का कोणी, कुठे जायचंय तुला?”

पिंगळ्यांनी बायकोकडे दयेने पाहिलं. बाहेरच्या माणसाला हे शास्त्र समजावणं कठीण होतं.

दबाव न आणता मन वळवायचं तर वातावरणनिर्मिती हवी. तेव्हा बागुलांच्या चाळीत हिरवं सामान जायला लागलं. हिरवी चटई, हिरवी बादली, तानूबाईंना हिरव्या बांगड्या. अन्न समितीने पालक, मेथी आणि रोज अर्धा किलो हिरव्या मिरच्या धाडल्या. वाल्मिकला बरं वाटावं म्हणून पिंगळ्यांनी पॅकिंगच्या भिंती हिरव्या करून घेतल्या आणि मालाला लावायच्या पट्ट्यासुद्धा हिरव्या मागवल्या. त्या कंपनीत हिरवी पट्टी फक्त तपासून नापास झालेल्या मालाला लावत असत. हा नियम पिंगळ्यांनीच केलेला होता. एका आठवड्यात चांगला माल भंगारात आणि भंगार कोइमतूरच्या गिऱ्हाइकाला गेलं. कोइमतूरहून धागा आवडल्याचं पत्र आलं, तेव्हा ते प्रकरण तिथेच मिटवण्यात आलं.

मेच्या शेवटी तानूबाईंनी पिंगळ्यांना चाळीच्या दारातच गाठलं.

“साहेब, मिरच्या पुरे झाल्या आता. चार माणसं आम्ही, किती खाऊ? पोऱ्याले ती रिंग नीट करी द्या. बाकी काही नको माले. तो रोज रडकुंडीले येऊन झोपस.”

“ताई, तुमच्या भावनांची नोंद घेतली आहे,” पिंगळे म्हणाले, आणि खरंच घेतली. नमुना क्रमांक दोनमध्ये ‘आई’ असा रकानाच नव्हता, तो त्यांनी हाताने आखला.

नऊ जूनला दुपारी चार वाजता शाळेच्या मैदानावर एक स्कूटर आली. चालवणाऱ्या बाई पन्नाशीच्या, अंगात साधा पंजाबी ड्रेस, मागे एक वेल्डर मांडीवर मशीन घेऊन बसलेला. त्या वापीच्या कॉलेजात बास्केटबॉल शिकवणाऱ्या वासंती मॅडम होत्या, पण हे तेव्हा कोणालाच माहीत नव्हतं, कारण त्या कुठल्याही गटात नव्हत्या. ड्युटीवर अकरा सदस्य हजर होते. ‘अनोळखी महिला, दुचाकी, सोबत इसम’ अशी पहिली नोंद गेली. ड्रेसचा रंग निळा म्हणावा की जांभळा यावर मतभेद झाले. वेल्डरने शिडी मागितली तेव्हा मंडळाचीच शिडी पुढे करण्यात आली आणि तिचे दोन्ही पाय फाटकांनी स्वतः धरले, कारण शिडी धरल्याशिवाय कोणाला वर चढू द्यायचं नाही असा त्यांच्या कारखान्यात नियम होता.

वीस मिनिटांत रिंग सरळ झाली. बाईंनी संजूला चेंडू दिला. तो दहा बास्केट मारायला उभा राहिला. नऊ आत गेल्या. रिंगेला न लागता नुसती जाळी हलली की जो हलका आवाज येतो, तो पिंगळ्यांनी दोन महिन्यांत पहिल्यांदा ऐकला. त्यांना लाज वाटली. अगदी खरी, कान गरम करणारी लाज वाटली. आपण इथे रोज आलो, सगळं मोजलं, आणि हे एवढं आपल्याला करता आलं नाही, असं त्यांच्या मनात स्पष्ट आलं. तेवढ्यात गटावर फाटकांचा प्रश्न आला की जाळीचा रंग कोणता, आणि पिंगळे फोटो काढायला वाकले.

“माझ्याकडे येशील का खेळायला?” बाईंनी संजूला विचारलं.

“येईन,” संजू म्हणाला.

एवढंच झालं. त्याला हा प्रश्न आजवर कोणी विचारलाच नव्हता.

एकवीस जूनला मंडळाची कारणमीमांसा सभा झाली. पिंगळ्यांची पद्धत अशी की कुठल्याही दोषाला पाच वेळा ‘का’ विचारायचं, पाचव्याला मूळ सापडतं. संजू वापीला का गेला? त्यांनी रिंग दुरुस्त केली म्हणून. आपण का नाही केली? त्याने आपल्याला निवडलं नव्हतं म्हणून. का निवडलं नव्हतं? आपण विचारलं नव्हतं म्हणून. का विचारलं नव्हतं? थेट विचारायला आपणच मनाई केली होती म्हणून. पाचवा ‘का’ अजून शिल्लक होता. फाटकांनी तातडीने सूचना मांडली की पाचवा प्रश्न सभेच्या कार्यकक्षेबाहेर आहे. सूचना एकमताने मंजूर झाली. दोषाचं मूळ ‘उमेदवारात निष्ठेचा अभाव’ असं नोंदवून समोसे वाटण्यात आले. वेल्डिंगवाला सदस्य काहीतरी बोलायला उठला होता, त्याला दुसरा समोसा देऊन बसवलं.

ऑक्टोबरात नवतरंगच्या मैदानावर वापीशी सामना झाला. संजूने अठ्ठावीस गुण केले. प्रेक्षकांत नवतरंगकडून एकटे पिंगळे होते. गळ्यात हिरवा रुमाल होता, आणि हरतानाही ते मधूनमधून टाळ्या वाजवत होते, कारण संजूचा प्रत्येक शॉट आत जाताना त्यांना बरं वाटत होतं आणि बरं वाटतंय याचं वाईट वाटत होतं. सामना संपल्यावर तो त्यांच्यापाशी आला आणि वाकून नमस्कार करून उभा राहिला.

“काका, एकटेच? बाकी मंडळी कुठं?”

“सुरंगीला, तिथल्या शाळेत. आठवीत एक झिपरू नावाचा मुलगा मिळालाय. आजच पाच फूट अकरा आहे. सगळे शिफ्टवर आहेत.”

“मस्त. तिकडची रिंग कशी आहे?”

पिंगळ्यांनी फोन काढला. तीनशे चाळीस फोटो होते. एक मोठा करून दाखवला.

“काका, ही तर उजवीकडं झुकलीय.”

“हो. एक्केचाळीस मिलिमीटर.”

“मग?”

“नोंद घेतलीय,” पिंगळे म्हणाले, आणि मान खाली घालून फोन खिशात ठेवला.

हे वाचताना तुमच्याही मनात आलं असेल की हा झिपरू शेवटी कुठे जाणार. वापी, नवतरंग की आणखी लांब. आलं असेल तर संकोच नको, मंडळाच्या गटात अजून जागा आहे आणि सकाळची शिफ्ट तुम्हाला देता येईल. आणि ज्याच्या मनात आधी वेल्डरचा नंबर आला असेल, त्याने कृपया गटात येऊ नये, परस्पर सुरंगीला जावं. शिडी तिथे आहे, आणि धरायला चारशे बारा लोक आहेत.