चिमणी माणसात शिरली!

"विषाणू एका प्राण्यातून दुसऱ्यात कसा शिरतो, ते पंधरा मिनिटांत समजावतो! खडूसुद्धा झिजवणार नाही!" मास्तरांनी छातीवर हात मारून मुख्याध्यापिका बाईंना सांगितलं.

निवृत्त होऊन दोन वर्षं घरात बसल्याने मास्तरांना पार गंज चढला होता. आजचा तास नीट झाला, तर पाचवीचा दर शुक्रवारचा तास त्यांचा. अट एकच, गडबड नको! बाई कार्यालयात संगणकावर परीक्षेचा पेपर टाइप करत होत्या.

मास्तरांनी शेजारशेजारचे दोन वर्ग घेतले. एक वर्ग वटवाघूळ, दुसरा माणूस. वटवाघळाच्या दाराशी पितळी घंटा, माणसाच्या दाराशी विजेची. विषाणू दिसला की पहारेकऱ्याने घंटा वाजवायची आणि आतल्या मुलांच्या फौजेने धावायचं.

विषाणू झाली चिमणी, वर्गातली सगळ्यांत अबोल मुलगी. तिने हळूच पितळी घंटेत रुमाल कोंबला. पहारेकऱ्याने दोरी ओढली. ठप्प! चिमणी ऐटीत आत.

"वा गं पोरी! आता माणसात शिर."

तिने तोच रुमाल विजेच्या घंटेवर टाकला. टर्रर्र! फौजेने तिला मोळीसारखी उचलून बाहेर ठेवलं.

"बघा! एकाकडची युक्ती दुसऱ्याकडे चालतेच असं नाही."

"मग मास्तर, माणसं आजारी पडतातच कशी?" पहारेकऱ्याने विचारलं.

"विषाणूला डोकं नसतं रे. तो स्वतःच्या नकला काढतो. नकला करताना चुका होतात. त्यातली एखादी..."

तोवर चिमणी व्हरांड्यातल्या बटणांपाशी पोचली होती. एक दाबलं, पंखे थांबले. दुसरं दाबलं, पाण्याची मोटर घुरघुरली. मग तिने मेन स्विचचा मोठा दांडाच खाली ओढला. खटाक्! सगळी शाळा गार. घंटा मुकी, आणि चिमणी माणसाच्या टेबलावर!

"शाब्बास!" मास्तर भान विसरून टाळ्या पिटू लागले.

"मास्तर!" दारात बाई उभ्या. "अडतीस प्रश्न टाइप केले होते! सगळे उडाले!"

मास्तरांनी टाळ्यांचे हात पाठीमागे लपवले. शुक्रवार गेला!

अबोल चिमणी टेबलावरून उतरली. "बाई, कुठलं बटण कशाचं ते मला ठाऊक नव्हतं. चुकतच गेले. दोन चुका वाया गेल्या, तिसरी लागू पडली. व्हायरसचंही तसंच होतं. प्रत्येक प्राण्याची घंटा वेगळी, म्हणून त्याला प्रत्येक ठिकाणी नव्याने चुकावं लागतं."

बाई तिच्याकडे बघतच राहिल्या. रागाचं काय झालं, ते त्यांनाही कळलं नाही.

"शुक्रवारचा तास पक्का," त्या म्हणाल्या.

मास्तरांनी ऐटीत चष्मा सरळ केला.

"तास चिमणी घेईल. मास्तर, तुम्ही बसायला या. बटणांपासून लांब!"

चाळीस वर्षं शिकवल्यावर मास्तरांना अखेर पहिला बाक मिळाला!