थॉर्नवेल जिंकेपर्यंत अनवाणी

दसऱ्याच्या सकाळी बलभीमरावांनी चपलेत पाय घातला नाही, एवढंच झालं. बाकीचं सगळं त्यातून निघालं.

आता नवरात्राचे नऊ दिवस अनवाणी हिंडणारी माणसं धाराशिवात काही कमी नसतात. गॅरेजवाला, वकील, कॉलेजातली पोरं, सगळेच तुळजाभवानीच्या नावानं चपला घरी ठेवतात आणि दसरा झाला की परत घालतात. बलभीमरावही नऊ दिवस मोजणी खात्यातल्या आपल्या टेबलाखाली उघडे पाय हलवत बसले होते. (त्या टेबलावर तेवढीच काय ती हालचाल.) पण दसऱ्याआधीच्या शनिवारी त्यांचा क्लब सलग सहावी मॅच हरला होता, आणि त्या दुःखात देव्हाऱ्यापुढं हात जोडताना त्यांच्या मनात आलं, की आई, आता थॉर्नवेल जिंकल्याशिवाय मी पायात घालणार नाही. दुसरीकडं कुठं मनात आलं असतं तर विसरता आलं असतं. आईपुढं आलं म्हटल्यावर तो नवस झाला.

थॉर्नवेल टाऊन हा विलायतेतला फुटबॉल क्लब. त्याची नि बलभीमरावांची गाठ सोलापुरात पडली. तिथं रस्त्यावरच्या ढिगातून त्यांनी एक हिरवा टी-शर्ट घेतला, तो अंगाला बरोबर बसला, आणि छातीवर काय लिहिलंय म्हणून मोबाईलवर शोधलं तर कळलं की हा क्लब शेवटून दुसरा आहे. दुसऱ्या कुणी त्या शर्टानं गाडी पुसली असती. बलभीमरावांना कीव आली. आपल्यासारखंच कुणीतरी तिकडंही आहे, असं त्यांना वाटलं, आणि ते अडकले ते अडकलेच.

गावात त्यांचं दुःख समजणारा एकच माणूस होता, बसस्टँडजवळचे चपलांचे दुकानदार चाँदपाशा. चाँदपाशांकडं कधीकाळी एल्मस्बी रोव्हर्स नावाच्या क्लबाचं चिन्ह छापलेल्या स्लिपरांचा एक मोठा खोका आला होता. त्यातली एक जोडीही खपली नाही. रोज समोर बघून बघून चाँदपाशांनी शेवटी त्या क्लबालाच आपला मानलं. तोही क्लब तसलाच निघाला. रोज सकाळी ऑफिसच्या आधी बलभीमराव दुकानात येऊन बसत आणि दोघं चहा पीत मोबाईलवर पुढच्या मॅची कुणाशी आहेत ते बघत.

"आता तुमची कुणाबरं हाय?" चाँदपाशा विचारत.

"वरून तिसरे."

"मग गेली."

"तुमची?"

"वरून दुसरे."

"तुमची बी गेली," असं म्हणून बलभीमराव कप खाली ठेवत, आणि दोघं रस्त्याकडं बघत बसत. चपलांच्या दुकानात रोज एक अनवाणी माणूस येतो आणि तसाच परत जातो, हे बघून गिऱ्हाईक काय म्हणत असेल, अशी चाँदपाशांची एक तक्रार होती. पण ती ते चहा दिल्यावरच करत.

नवसाची खरी गोष्ट चाँदपाशांनाच तेवढी माहीत होती, त्यामुळं त्यातले वादही त्यांच्याकडंच जात. डिसेंबरात थॉर्नवेलची मॅच बरोबरीत सुटली, तेव्हा बलभीमराव पळत आले आणि हे जिंकण्यात धरता येईल का म्हणून विचारू लागले. चाँदपाशांनी बराच विचार केला. "बलभीमभाई, ड्रॉ म्हणजे एक पाय," ते म्हणाले. "एका पायात घालून हिंडणार असाल तर घाला."

बलभीमराव तसेच ऑफिसात गेले.

पण घरात वेगळंच चाललं होतं. त्याच दसऱ्याच्या आठवड्यात सोलापूरच्या डॉक्टरांनी महानंदाला, म्हणजे बलभीमरावांच्या बायकोला, दोन्ही गुडघे झिजल्याचं सांगितलं होतं. सहा महिने व्यायाम करा, तेल लावा, जड उचलू नका, फरक पडला तर ठीक, नाहीतर ऑपरेशन. महानंदा ऑपरेशनच्या नावानंच अर्धी झाली होती. दसरा गेला, दुसरा दिवस गेला, तिसऱ्या दिवशी नवरा अनवाणीच ऑफिसला निघालेला तिनं बघितला आणि ती दारात थांबली.

"माझ्यासाठी धरलं व्हय हे?" तिनं विचारलं. तिचे डोळे भरले होते.

बलभीमरावांनी तोंड उघडलं. मग त्यांना सासूबाईंचं म्हणणं आठवलं, की नवस फिटेपर्यंत कुणाला सांगायचा नसतो, सांगितला की वाया जातो. इतकी वर्षं सासूबाईंचं एकही म्हणणं त्यांनी मनावर घेतलं नव्हतं. हे मात्र त्याच क्षणी पटलं आणि त्यांनी तोंड मिटलं. महानंदानं काय समजायचं ते समजून घेतलं.

तिनं शेजारी सांगितलं, शेजाऱ्यांनी गल्लीत. नवीन आलेले साहेब बलभीमरावांना पुढ्यातली खुर्ची देऊ लागले. बेंबळीहून सासूबाई, धुरपदाबाई, मुद्दाम आल्या आणि नको नको म्हणत असतानाही त्यांनी जावयाच्या पायाची धूळ कपाळाला लावली. (धुळीला तोटा नव्हता.) बलभीमरावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. एवढ्या शरमेत माणसाला स्वस्थ बसवत नाही. ते नळाला पाणी आलं की स्वतः भरू लागले. अनवाणी पायानं चौकात टिवल्याबावल्या करत उभं राहता येत नाही, म्हणून ऑफिस सुटलं की थेट घरी येऊ लागले. आणि संध्याकाळी तेल कोमट करून बायकोच्या गुडघ्यांना चोळत बसू लागले. चोळता चोळता मनात पॉइंट टेबल चालू असायचं, पण हात चालायचे.

थॉर्नवेल हरतच राहिला. जानेवारीत एकदा चुकून बलभीमरावांचा पाय न्हाणीतल्या स्लिपरात गेला, आणि त्या शनिवारी थॉर्नवेल पाच-शून्यानं हरला. मग ते न्हाणीत जातानाही खाली बघून जाऊ लागले. टाचांना भेगा पडल्या, त्या भेगांत खडी बसली. मार्च-एप्रिलात डांबर तापलं, तेव्हा मोजणी खात्यातला हा कारकून रस्त्याच्या कडेकडेनं, सावली बघत, उड्या मारत ऑफिस गाठताना लोकांना दिसायचा. लोक हात जोडायचे. बलभीमरावांना रडू यायचं.

आणि एप्रिलच्या शेवटी महानंदा एकटी, कुणाचा हात न धरता, जिना चढून गच्चीवर कुरडया घालून आली.

घरात आनंदीआनंद झाला. एकटे बलभीमराव मोबाईलवर पॉइंट टेबल उघडून बसले. नवस फिटला, आता येत्या रविवारी तुळजापूरला जायचं, ओटी भरायची आणि आईच्या दारात तुमच्या पायात चप्पल घालायची, असं महानंदानं जाहीर केलं. धुरपदाबाईंनी जावयासाठी चप्पल घेतली तीही चाँदपाशांच्या दुकानातून.

"आठ नंबर मागत होत्या," दुसऱ्या दिवशी चाँदपाशांनी सांगितलं. "म्या नऊ दिली. पाय पसरलेत तुमचे."

"घालू कशी, पाशाभाई? अजून एक बी जिंकलेला न्हाय."

चाँदपाशांनी मोबाईल पुढं केला. त्याच रविवारी, आपल्या दुपारी साडेचारला, सीझनची शेवटची मॅच होती. थॉर्नवेल टाऊन विरुद्ध एल्मस्बी रोव्हर्स. जो जिंकेल तो वाचेल, हरेल तो खालच्या डिव्हिजनमध्ये. बरोबरी झाली तर दोघंही खाली. दोघांनी ते दोनदा वाचलं. सीझनभर एकमेकांच्या क्लबांना खांदा दिलेली माणसं, पण त्या दिवशी पहिल्यांदा त्यांना एकमेकांकडं बघवेना.

"वहिनीचा सवाल हाय, हे खरं," चाँदपाशा शेवटी म्हणाले. "पण बलभीमभाई, खोटं बोलणार न्हाय. म्या एल्मस्बीसाठीच दुवा मागणार."

"मागा," बलभीमराव म्हणाले. "मला फक्त निकाल कळवा."

रविवारी तुळजापुरात गर्दी होती. दर्शनाच्या रांगेतच चार वाजले. बलभीमरावांना मंदिरात एकच सुख होतं, की तिथं सगळेच अनवाणी होते. दर्शन झाल्यावर आवारातल्या चिंतामणीपाशी ते थांबले. हा एक गोल दगड. त्यावर दोन्ही हात ठेवून मनात प्रश्न विचारायचा. उजवीकडं फिरला तर होय, डावीकडं फिरला तर नाही, आणि हललाच नाही तर काम होईल, पण वेळ लागेल. बलभीमरावांनी डोळे मिटून थॉर्नवेलचं विचारलं. दगड ढिम्म. त्यांनी हात जरा दाबूनही बघितले. मागचे लोक खोळंबले, तसे ते बाजूला झाले आणि मोबाईलला रेंज मिळावी म्हणून घाईघाईनं एकटेच पायऱ्या चढून वर आले.

महानंदा आणि धुरपदाबाई मागून आल्या. बांगड्यांच्या एका दुकानाच्या पायरीवर बसून धुरपदाबाईंनी पिशवीतून खोका काढला आणि झाकण उघडलं. नवीन चामड्याचा वास आला. बलभीमराव म्हणाले, जरा चहा पिऊ. चहा झाल्यावर म्हणाले, पेढे घ्यायचे राहिले. पेढे आले. मग कवड्यांच्या माळा बघू, मग पाणी पिऊ, मग वैष्णवीसाठी, म्हणजे पुण्याला दिलेल्या लेकीसाठी, बांगड्या बघू. बांगड्यांचं माप त्यांना सांगता येईना आणि महानंदा ते सांगेना. ती पायरीवर बसून नवऱ्याकडं नुसती बघत होती. चाँदपाशांचे फोन येत होते. एल्मस्बीचा एक गोल. मग पाऊण तास काहीच नाही. मग थॉर्नवेलचा एक.

सहा वाजून गेले आणि शेवटचा फोन आला.

"एक-एक," चाँदपाशा म्हणाले. "दोघं बी गेलो, बलभीमभाई. म्या शटर ओढून घेतलंय. आज कुणाला चप्पल दाखवायची ताकद न्हाय."

बलभीमरावांनी फोन खिशात ठेवला. धुरपदाबाईंनी चपला पायापुढं मांडल्याच होत्या. त्यांनी त्या चपलांकडं बघितलं, मग महानंदाकडं. सात महिने ही बाई आपल्या पायांकडं बघून डोळे पुसत आली, आणि आपण तिला फसवत आलो. आता घातली तर देवीला फसवायचं, नाही घातली तर सांगायचं. ते तिच्या शेजारी पायरीवर बसले.

"महानंदा, नवस तुझ्या गुडघ्यांचा नव्हता," ते म्हणाले. "फुटबॉलचा होता. क्लब जिंकल्याशिवाय घालणार न्हाय म्हणालो होतो. आजही जिंकला न्हाय. मी लई वाईट वागलो बघ."

धुरपदाबाईंचा हात नकळत स्वतःच्या कपाळाकडं गेला. त्यांना धूळ आठवली असावी.

महानंदा मात्र शांत होती. "मला दिवाळीतच कळलंय," ती म्हणाली. "पाशाभाईंच्या घरी फराळ द्यायला गेलते. त्यांच्या फातिमाबी हसत हसत सांगून बसल्या."

"मग बोलली का न्हाईस?"

"लई राग आलता. रस्ताभर ठरवत आले, आज ह्यांची चप्पल ह्यांच्याच डोक्यात घालायची. घरी येऊन बघते तर तुमी पाणी भरून, तेल कोमट करून माझी वाट बघत बसलेले. सव्वीस वर्सांत तुमी कधी अशी वाट बघितली नव्हती. मग म्या बी आईला नवस बोलले. म्हणलं, माझे गुडघे बरे होईस्तोवर ह्यांचा क्लब जिंकू देऊ नको."

बलभीमराव तिच्या तोंडाकडं बघत राहिले. तिकडं अकरा माणसं सहा महिने चिखलात धावत होती, मॅनेजर बदलले, गोलकीपर बदलला, आणि कुणाला पत्ता नव्हता.

"तोच फेडायला आले होते आज," म्हणत महानंदानं चपला उचलून खोक्यात ठेवल्या. "माझा फिटला. तुमचा तुमी बघा."

खरं तर बलभीमरावांना हलकं वाटलं. बायको रागावलेली नव्हती, एवढं एक झालं. आणि दुसरंही त्यांच्या लक्षात आलं. नवस फिटला म्हणजे आईनं थॉर्नवेलला मोकळं सोडलं. खालच्या डिव्हिजनचा सीझन ऑगस्टात सुरू होणार. पहिलीच मॅच जिंकली तर अडीच-तीन महिन्यांचाच प्रश्न. त्यांनी हे तिला भीत भीत बोलून दाखवलं.

"मघाशी तुमी रेंज बघायला पळालात, तवा म्या बी चिंतामणीवर हात ठेवले," महानंदा म्हणाली. "लगीच उजवीकडं फिरला."

"काय इचारलंस?"

महानंदानं खोका नवऱ्याच्या हातात दिला, जिना चढल्यासारखी सहज पायरीवरून उठली आणि एक हात कंबरेवर ठेवला.

"गुडघे झाले," ती म्हणाली. "आता कंबर धरलीय."