आईने चेंडू धुतले

दात घासत हंगामी बाल्कनीत आले आणि ब्रश तोंडातच राहिला. कपड्यांच्या दोरीवर, मोज्यांच्या शेजारी, कांद्याच्या जाळीदार पिशवीत दोन चेंडू वाळत टांगलेले होते. एक लहान, पांढराशुभ्र. एक मोठा, पिवळाधमक. दोन्ही चेंडूंतून टपटप पाणी गळत होतं.

"किती रे मळले होते," आई म्हणाली. "साबण दोनदा लावावा लागला. आणि तू आणलेल्या त्या कापडी पिशवीला लाल, चिकट असं काहीतरी लागलं होतं. ते नखाने खरवडून काढलं बघ."

ते लाल, चिकट म्हणजे महासंघाची लाखेची मोहोर होती.

हंगामींच्या आईला मळकी वस्तू बघवत नसे. घरात येणारे पाहुणेसुद्धा हातातला रुमाल खाली ठेवताना दोनदा विचार करत. त्यामुळे दोष द्यायचाच तर तो रात्री पिशवी खुर्चीवर ठेवून झोपलेल्या हंगामींना द्यायला हवा होता, आणि बायकोने तो लगेच दिलाही.

हंगामी हे काही त्यांचं नाव नव्हे. बेसबॉल आणि सॉफ्टबॉलच्या आंतरराष्ट्रीय महासंघाचे ते हंगामी सचिव. आधीचे सचिव तब्येतीसाठी म्हणून रजेवर गेले, त्यांची तब्येत सुधारली आणि ते परत आले नाहीत. तेव्हापासून हे काम बघत होते. ऑफिसात सगळे 'हंगामी' म्हणत, पुढे बायकोही म्हणू लागली. आजच्या बैठकीत त्यांना कायम करायचं ठरलं होतं. मात्र त्याआधी चेंडूचा ठराव मंजूर व्हायला हवा होता.

या दोन खेळांचे महासंघ पूर्वी वेगळे होते. एकेकट्याला मोठ्या स्पर्धांमध्ये कुणी दारात उभं करेना, म्हणून दोघांनी संसार एकत्र मांडला. चूल एक झाली, पण तवे दोनच राहिले. चिन्हावर दोन्ही चेंडू सारखे काढले तर सॉफ्टबॉलवाले म्हणत, आमचा खरा मोठा आहे. खऱ्या मापाने काढले तर बेसबॉलवाले गाल फुगवून बसत. शेवटी चिन्हावर नुसती बॅट ठेवली, तर ती कुणाची यावरून एक उपसमिती नेमावी लागली.

त्यात माती आली. नवा चेंडू गुळगुळीत असतो, हातातून निसटतो. म्हणून सामन्याआधी त्याला ओली माती चोळायची, ही बेसबॉलवाल्यांची जुनी रीत. एकत्र नियम लिहिताना सॉफ्टबॉलच्या उपाध्यक्षा बाईंनी विचारलं, तुमच्या चेंडूचे एवढे लाड आणि आमचा कोरडा, आम्ही काय सावत्र? बरं, दोघांनाही माती लावू. पण कुणाची? बेसबॉलच्या उपाध्यक्षांना त्यांच्या गावच्या नदीची हवी, बाईंना त्यांच्या तळ्याची. वर्षभर या मातीत सगळे लोळले. अखेर निम्मी-निम्मी माती हंगामींनी चहाच्या बशीत कालवली आणि दोन नमुने तयार केले. तेवढ्यात दोन्हीकडून आणलेली माती संपली. नमुने ऑफिसच्या कपाटात ठेवायचे म्हटलं तर रात्रीतून समोरचा गडबड करेल, अशी दोन्हीकडे खात्री. म्हणून मोहोरबंद पिशवी हंगामींच्या हाती दिली. "तुम्ही ना यांचे, ना आमचे," बाई म्हणाल्या होत्या, आणि हंगामींना ते ऐकून बरं वाटलं होतं.

आज नमुन्यांवर एकमत झालं नाही तर आपापली चूल मांडू, असं दोघांनीही बजावून ठेवलं होतं. चुली वेगळ्या झाल्या की सचिव कायम तर सोडाच, हंगामीही राहणार नव्हता.

"फोन करून खरं सांगून टाका," बायको म्हणाली.

"आधी कुणाला करू? ज्याला नंतर करेन तो रुसेल."

हे बायकोलाही पटलं. आईने सगळी हकीकत शांतपणे ऐकून घेतली. मुलाच्या नोकरीवर आपण पाणी टाकलं, तेही साबणाचं, हे ध्यानात आल्यावर तिचा चेहरा क्षणभर उतरला. मग तिने पदर खोचला.

"धुतलेले मळवायला कितीसा वेळ लागतो? तुझा शाळेचा शर्ट नाही का, कोपऱ्यापर्यंत पोचायच्या आत मळायचा."

बायकोने केस वाळवायच्या यंत्राने चेंडू वाळवले. आईने कोरफडीच्या कुंडीतली मूठभर माती घेतली, पाणी शिंपडलं आणि पीठ मळावं तशी ती मळून दोन्ही चेंडू मळवले. आयुष्यात पहिल्यांदाच ती एखादी वस्तू हौसेने मळवत होती. तिच्या हाताला ते जमत होतं, फक्त डोळ्यांना बघवत नव्हतं. चेंडू पिशवीत भरून लाखेच्या जागी लाल मेणबत्ती ओघळवली आणि तिच्यावर कोटाचं बटण दाबलं.

बैठकीत मोहोरेकडे कुणी बघितलंच नाही. बेसबॉलच्या उपाध्यक्षांनी लहान चेंडू हातात घेऊन फिरवला, नाकाशी नेला आणि डोळे मिटले. आमच्या नदीचा वास लपत नाही, असं त्यांनी जाहीर केलं. बाईंनी मोठा चेंडू दोनदा झेलला आणि ही घट्ट पकड आमच्या तळ्याच्या मातीखेरीज येणं शक्य नाही, असं सांगितलं. दोघेही एकमेकांकडे बघून हसले. समोरच्याची माती निष्प्रभ ठरल्याचं समाधान दोघांच्याही चेहऱ्यावर होतं. मत घेतलं तेव्हा सगळे हात वर गेले. महासंघ स्थापन झाल्यापासून असं घडलं नव्हतं, त्यामुळे हात खाली कधी घ्यायचे ते कुणाला कळेना.

"छान," वृद्ध अध्यक्ष म्हणाले. "हंगामी, हीच माती सगळ्या सदस्य देशांना पाठवायची सोय करा."

हंगामींनी मनातल्या मनात हिशेब केला. पुन्हा निम्मी-निम्मी कालवावी तर रंग वेगळा येणार आणि भांडण नव्याने उकरलं जाणार. शिवाय माणूस सरळ होता. खोटं बोलायची वेळ आली की त्यांचे कान लाल होत, आणि आत्ता ते झालेच होते. ते उठून उभे राहिले.

"माझ्या हातून माती खाल्ली गेली," ते म्हणाले. "खरी माती आईने धुऊन टाकली. ही तिच्या कोरफडीच्या कुंडीतली आहे."

उपाध्यक्षांनी स्वतःची बोटं पुन्हा एकदा हुंगली.

"नदीचा वास म्हणे," बाई हळूच म्हणाल्या.

"आणि तळ्याची पकड?" उपाध्यक्ष म्हणाले.

आधी बाईंना हसू फुटलं. उपाध्यक्षांनी थोडा वेळ आवरून धरलं, पण मग त्यांचेही खांदे हलू लागले. अध्यक्षांनी हसणं ओसरू दिलं.

"म्हणजे ही माती यांची नाही आणि त्यांचीही नाही?"

"नाही," हंगामी म्हणाले.

"मग भांडायचं कशावर?"

ठराव तसाच कायम राहिला. उलट दोघांनीही आग्रह धरला की कुंडी बदलता कामा नये आणि मळणारा हातही बदलता कामा नये, म्हणून माती-अधिकारी हे पद आजच निर्माण करून ते कायमस्वरूपी भरावं. तेही एकमताने मंजूर झालं. मग सचिवपदाचा विषय निघाला, तेव्हा बाई म्हणाल्या की एकाच दिवशी तीन ठराव एकमताने झाले तर बाहेर लोकांना संशय येईल. उपाध्यक्षांना ते पुरेपूर पटलं. सचिवपद पुढच्या बैठकीवर गेलं.

हंगामी घरी आले तेव्हा आई दारातच उभी होती. तिने आधी त्यांच्या तोंडाकडे बघितलं, मग बुटांकडे.

"नोकरी राहिली ना रे?"

"माझी हंगामी राहिली. तुझी कायम झाली."

त्यांनी सगळं सांगितलं. बायको हसून हसून खुर्चीत बसली. हंगामींनाही आपल्याला वाईट कसं वाटत नाही याचं नवल वाटत होतं. चूल एकच राहिली होती, आणि पुढची बैठक आधीच्या सगळ्या बैठकांसारखी येणारच होती. आई मात्र गंभीरपणे विचार करत होती.

"कायम म्हणजे कसं?"

"म्हणजे तुला आता कुणी काढू शकत नाही."

"एरवी तरी कोण काढतंय? पण माझी एक अट आहे, ती तुझ्या त्या लोकांना कळव. मळवून देईन मी, देशोदेशीचे देईन. पण खेळून झालं की सगळेच्या सगळे चेंडू इथे परत पाठवायचे. धुवायला."

हंगामींनी खिशातून पेन काढलं आणि वरिष्ठांची अट लिहून घेतली.