हाव म्हना, साहेब

महिन्या-दोन महिन्यांनी एक रविवार असा उजाडतो की सकाळी सात वाजता भिंतीपलीकडून सवाल येतो, "हँडब्रेक?" मी पांघरूण डोक्यावर ओढतो. जरा चढ्या आवाजात पुन्हा, "हँडब्रेक?" मग कंपाउंडच्या भिंतीवर पान्याचे दोन ठोके पडतात. मी चडफडत उठतो, दार उघडतो आणि सगळ्या कॉलनीला ऐकू जाईल असा ओरडतो, "हाव!"

पलीकडे समाधानानं खाकरल्याचा आवाज येतो. हे आमचे शेजारी गावंडे काका.

मी मूळचा साताऱ्याकडचा. बँकेनं बदलीवर अमरावतीत आणून टाकलं. बायको-मुलं शाळेपायी तिकडेच राहिली आणि माझ्या वाट्याला भाड्याच्या दोन खोल्या, एक कूलर आणि गावंडे काका आले. काका जिनिंगमध्ये फिटर होते. कापसाच्या त्या कारखान्यात यंत्रांचा एवढा गोंगाट, की बटण दाबण्याआधी हाक द्यायची आणि समोरून 'हाव' आल्याशिवाय बोट हलवायचं नाही, असा तिथला शिरस्ता. काका रिटायर झाले, शिरस्ता झाला नाही. अंगणात त्यांची जुनी पांढरी गाडी असते. ती ते चालवतात कमी आणि उघडतात जास्त.

पहिल्यांदा त्यांनी मला बोलावलं तेव्हा म्हणाले, "साहेब, फाउंडेशन बदलून राहिलो. तुमी फक्त उभे राहा." मी घाबरून घराच्या भिंतींकडे पाहिलं. मग कळलं, इंजिन ज्या रबरी ठोकळ्यांवर बसतं त्यांना हे लोक फाउंडेशन म्हणतात. ते फाटले की गाडी थरथरते.

काका गाडीखालून ओरडले, "चाकाले इटा?"

"हो," चाकांना लावलेल्या विटा पाहून मी म्हणालो.

काका सरपटत बाहेर आले. "हो नाई. हाव म्हना."

"अहो, अर्थ एकच आहे."

"'हो' तोंडातच राह्यते, साहेब. 'हाव' कापसाच्या गंजीपल्याड जाते."

आमच्याकडे हाव म्हणजे लोभ, असं मी त्यांना समजावून पाहिलं. ते म्हणाले, "मंग लोभानं म्हना," आणि पुन्हा गाडीखाली गेले. आता अशा माणसाशी काय वाद घालणार?

बॅटरीची वायर काढली? हाव. गाडीखाली दोन्ही बाजूंना लोखंडी घोड्या? हाव. मग इंजिनाच्या पोटाशी जॅक, आणि मधे आंब्याच्या लाकडाची जाड फळी. "फळी नसली तं चेंबर पिचकते, सारं ऑइल अंगनात," असं ते मला दर वेळी नव्यानं सांगतात. जॅक चढवायचा तो बोटभरच. "इंजनाचं वजन घ्याचं, गाडी नाई उचलाची." एकदा पडलेला नट काढायला मी आत हात घातला, तर त्यांनी माझं मनगटच धरलं. "जॅक पाहुना हाये, कवा उठून जाईन सांगता येत नाई. बोटं गेली तं बँकेत सही काय पायानं करान?" बायकोनंही मला कधी एवढं झापलेलं नाही.

पूर्वी 'हाव' म्हणायचं काम काकांच्या बायकोचं, कुसुमकाकूंचं होतं. पायरीवर अंबाडीची भाजी निवडत, मान वर न करता त्या प्रत्येक हाकेला 'हाव' द्यायच्या, असं कॉलनीतले सांगतात. मी इथे यायच्या काही महिने आधी त्या गेल्या.

मुलगी सुनीता अकोल्याला असते. बाबांनी गाडी विकावी आणि तिच्याकडे तिसऱ्या मजल्यावर येऊन राहावं, हा तिचा हट्ट. तिनं मला फोनवर बजावून ठेवलं होतं, "भाऊ, बाबा एकटे इंजन उचलून राहिले, नाही तर काही काम नसताना उगाच गाडी उघडून बसले, असं कळलं तर मी येऊन त्यांना घेऊनच जाईन. तुम्ही खरं सांगाल नं?" मी शब्द दिला. माझी झोप वाचली असती, खोटं कशाला बोलू?

गेल्या रविवारी पुन्हा फाउंडेशन निघालं. सात महिन्यांत तिसऱ्यांदा. काकांनी नवीन ठोकळा बसवला, बोल्ट आवळले आणि जुना माझ्याकडे सरकवला. मी तो उचलून पाहिला. रबराला एक चीर नव्हती. दुकानाची चिठ्ठीसुद्धा तशीच चिकटलेली.

माझं डोकंच फिरलं. "काका, हा तर नवाकोरा आहे. काहून बदलला?"

काका बराच वेळ फडक्यानं हात पुसत बसले. हात केव्हाच स्वच्छ झाले होते.

"बाकी सारं एकट्यानं होते, साहेब," ते म्हणाले. "सैपाक होते, धुनं होते. इंजन उचलाले तेवढा दुसरा मानूस लागते."

शनिवारी दुपारी बँकेतून आल्यावर मीही कुणाशी एक शब्द बोललो नव्हतो. लाज वाटली मला, पांघरूण ओढून घेतल्याची.

तेवढ्यात खिशातला फोन वाजला. सुनीता होती. काकांनी नाव पाहिलं आणि ते जॅककडे वळले.

"भाऊ, बाबांनी आज पुन्हा गाडी उघडली म्हणे. एकटे नव्हते नं?"

"नाही, मी होतो."

"आणि काम खरंच निघालं होतं का?"

काका जॅकचा दांडा फिरवून इंजिन खाली घेत होते. दांडा थांबला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. माझ्या हातात तो धडधाकट ठोकळा होता.

"हाव," मी म्हणालो. लोभानं म्हणालो.