चारमिनार कोठी?

उकंडराव खिशात तुरीचे दाणे घेऊन चालायचे. खाण्यासाठी नव्हे, मोजण्यासाठी. शंभर पावलं झाली की उजव्या खिशातला एक दाणा डाव्या खिशात जाई. ते मोजणी खात्यात होते. जन्मभर वऱ्हाडातल्या शेतांवरून साखळी ओढली, आणि सुट्टीच्या दिवशी साखळी नसली की स्वतःच साखळी व्हायचे. "माह्यं पाऊल म्हंजे अडीच फूट. कमी नाई, जास्त नाई," असं ते सांगत. अकोल्यात आमची घरं शेजारी-शेजारी. त्यांच्या दारापासून माझ्या दारापर्यंत बावीस पावलं आहेत, हे त्यांनी मला पहिल्याच भेटीत सांगितलं. स्वतःचं नाव त्यानंतर सांगितलं.

दुसरी खोड याहून वाईट. कोणतीही जागा त्यांना लांब वाटत नसे. कुठे जायचंय म्हटलं की हात लांब करून म्हणायचे, "हे काय, अठीच तं हाय!" बार्शिटाकळी अठीच, मूर्तिजापूरही अठीच. त्या 'अठीच'वर विश्वास ठेवून मी माझ्या दोन चपला घालवल्या आहेत.

ही गोष्ट साठ-एकसष्टची. त्याआधी तीन दिवाळ्या उकंडराव आणि पार्वतीवहिनी हैदराबाद पाहायला जाणार होते. तिन्ही वेळा ऐनवेळी मोजणीचं काम निघालं. वहिनींनी पाहायच्या जागांची यादीसुद्धा केली होती, चांगली अकरा ठिकाणांची. मग वाताने त्यांचे पाय गेले आणि त्या अंगणातल्या खाटेला खिळल्या. त्यानंतरच्या दुसऱ्या दिवाळीला उकंडरावांनी बहिणीला घरी बोलावून घेतलं, यादी काढली आणि मला म्हणाले, "चाला मास्तर. चार दिवसांत अकराच्या अकरा पाहू."

"बायको खाटेवर, अन् हा शहर पाहाले चाल्ला," असं गल्ली म्हणाली. खोटं कशाला बोलू, मनातून मीही तेच म्हणालो. पण मलाही चारमिनार पाहायचा होता, म्हणून वळकटी बांधली.

निघताना वहिनी खाटेवरून म्हणाल्या, "एकबी सोडू नका बरं!"

"नाई सोडत," उकंडराव म्हणाले आणि खिसे चाचपले.

नामपल्ली स्टेशनबाहेर सायकलरिक्षांची रांग होती. मी एका रिक्षात पाय ठेवला, तर त्यांनी मला दंडाला धरून खाली उतरवलं.

"बसून पाहाले आलो का आपन? बसाले तं घरी खाट हाय."

ते बोलणं माझ्या फार मनाला लागलं. माणसाने इतकं कोरडं असू नये.

नकाशा घ्यायचीही सोय नव्हती. "नकाशे कोन बनवते, ते मी आतून पाह्यलं हाय," असं त्यांचं म्हणणं. म्हणून रस्ता विचारायचा. आता आमच्या वऱ्हाडात 'इथे'ला अठी म्हणतात आणि 'कुठे'ला कोठी. उकंडरावांनी पहिल्याच माणसाला अडवलं, "भाईसाब, चारमिनार कोठी?"

"कोठी? सीदे जाव, फिर बाएँ हाथ कू."

आम्ही गेलो. मोठा बाजार लागला, चारमिनार काही दिसेना. एका पानवाल्याला विचारलं, "चारमिनार कोठी?" तो म्हणाला, "येइच कोठी है." उकंडरावांनी वर पाहिलं, मागे पाहिलं. चार सोडा, एकही मिनार नव्हता. हसत हसत दुसऱ्या एकाने वाट दाखवली.

दुसऱ्या दिवशी "गोवळकोंडा कोठी?" विचारत आम्ही पुन्हा त्याच पानवाल्यासमोर. तिसऱ्या दिवशी नवाबाचा अजबखाना शोधताना तोच बाजार, तेच दुकान. पानवाला लांबूनच म्हणाला, "आ गए साब?" तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. कोठी हे त्या मोहल्ल्याचंच नाव होतं. मी चिडून उकंडरावांना तसं सांगितलं.

"मंग आपन का चुकीचं इचारून राह्यलो?" ते म्हणाले. "कोठी इचारलं, कोठी आलो."

गोवळकोंड्यालाही अर्थात पायीच. खालच्या दरवाज्यात टाळी वाजवली की पार वर ऐकू येते म्हणतात. उकंडरावांनी मला वर पाठवलं आणि खाली टाळी वाजवली. मी धापा टाकत खाली येऊन सांगितलं, आली ऐकू. म्हणाले, "आता तुमी वाजवा," आणि स्वतः पायऱ्या मोजत वर गेले. मी चांगला अर्धा तास दरवाज्यात टाळ्या वाजवत उभा होतो. येणारे-जाणारे माझ्याकडे पाहून पुढे सरकत होते.

चौथ्या दिवशी संध्याकाळी अकरावी जागा उरली, हुसेनसागराचा बांध. माझ्या टाचांना फोड आले होते, एक अंगठा सुजला होता. मी बांधाच्या तोंडाशीच बसकण मारली.

"उकंडराव, तळं इथून दिसतं. मी आता मेलो तरी उठणार नाही."

"तुमी बसा, मास्तर. मी पार त्या टोकापावतर जाऊन येतो. हे काय, अठीच तं हाय."

ते गेले. त्यांचेही पाय सुजले होते, हे मला तेव्हा पाठमोरं पाहताना दिसलं. तरी प्रत्येक पाऊल अडीच फुटांचंच पडत होतं.

अकोल्यात परतल्यावर मी आठवडाभर मिठाच्या पाण्यात पाय बुडवून बसलो आणि ऐकेल त्याला उकंडरावांच्या नावाने बोटं मोडून दाखवली. रविवारी बायकोने त्यांच्याकडे फराळाचा डबा देऊन पिटाळलं. लंगडत बावीसची तीस पावलं करून मी त्यांच्या फाटकाशी आलो आणि तिथेच थांबलो.

वहिनी खाटेवर डोळे मिटून पडल्या होत्या. खाटेभोवती उकंडराव चालत होते.

"...पूल उतरलो. डाव्या हातानं अत्तरवाले. वास येऊन राह्यला ना?"

"येऊन राह्यला," वहिनी म्हणाल्या. उशाशी दोन वाट्या होत्या. शंभर पावलं झाली तसा त्यांनी न पाहता तुरीचा एक दाणा या वाटीतून त्या वाटीत टाकला.

फेऱ्या चालूच राहिल्या. एक पाऊलही न गाळता ते चालत होते आणि सांगत होते, उंबरठे, उतार, वळणं, सगळं. बऱ्याच वेळाने वहिनी म्हणाल्या, "अवो, जरा थांबा नं. पाय दुखून आले माह्ये."

उकंडराव लगेच थांबले. खाटेच्या पायथ्याशी बसून त्यांनी वहिनींचे पाय मांडीवर घेतले आणि चेपू लागले. चार दिवस या माणसाला मी कोरडा समजत होतो, याची मला लाज वाटली.

"आता आपन कोठी हावो?" वहिनींनी विचारलं.

"कोठीच हावो," उकंडराव म्हणाले, आणि दोघंही हसली. पानवाल्याची गोष्ट सांगून झाली होती तर.

"अन् मास्तर कोठी राह्यले?"

"ते मांगं राह्यले. पाय सुजले बिचाऱ्यायचे. येतीन हळूहळू."

मी डोळे पुसले, फाटक ढकललं आणि म्हणालो, "हे काय, अठीच तं हाय."