लिराकवाले साटम

आमच्या दाराची बेल रोज दुपारी चारला वाजायची, आणि ती वाजवणारा माणूस कधीच आत येत नसे. उंबऱ्याबाहेर उभा राहायचा, डोळे मिटायचा आणि नाकाने एक लांब श्वास ओढायचा. "लसणाची फोडणी. वालाची उसळ. खोबरं अजून पडलेलं नाही." मग क्षणभर थांबून निकाल. "ह्याच्यावर लिराक. पण कोवळी, फार मुरलेली नको. खलास!" आणि जिना उतरून कामाला.

हे आमचे शेजारी, दिगंबर साटम. मुक्काम मस्कतमधलं वादी अदाई, मूळ गाव देवगडच्या बाजूला, नोकरी मस्कतच्याच एका बड्या हॉटेलात. पाहुण्यांनी कुठल्या जेवणाबरोबर कुठली वाइन घ्यावी, हे सांगायचं त्यांचं काम. असल्या कामाला पगार मिळतो यावर पहिली दोन वर्षं माझा विश्वास नव्हता. माझी मुलगी त्यांना 'स्निफ अंकल' म्हणते. तोंडावर म्हणते, आणि त्यांना ते आवडतं.

लिराकबद्दल मला आता माझ्या माहेरच्या गावापेक्षा जास्त माहिती आहे. फ्रान्सच्या दक्षिणेला ऱ्होन नावाची नदी आहे. तिच्या एका काठावर एक जगप्रसिद्ध वाइनचं गाव. हॉटेलात येणारा जो तो त्याचंच नाव घेतो. समोरच्या काठावर लिराक हे गाव, आणि त्याच नावाची तिथली लाल वाइन. ऊन तेच, वारा तोच, द्राक्षं बहुतेक तीच, पण नाव नाही. "धाकट्या जावेसारखी गत आहे तिची, वहिनी," साटम कळवळून सांगतात. "राबते तेवढीच, कौतुक मोठीचं."

तिथल्या मळ्यांत म्हणे मातीवर गोल गोट्यांचा थर असतो. ते दिवसभर तापतात आणि रात्री वेलींना ऊब देतात. हे वाचल्यापासून साटमांनी वादीतले, म्हणजे कोरड्या नदीपात्रातले, गोटे पिशव्या भरभरून गॅलरीत आणून पसरले आणि मधोमध कुंडीत द्राक्षाची वेल लावली. मस्कतच्या उन्हाळ्यात गोट्यांनी आपलं काम चोख केलं. तीन वेली भाजून निघाल्या, सध्या चौथी आहे. "माती बोलते, वहिनी, आपण ऐकायचं असतं," असं ते म्हणतात. माझ्या मते ती पाणी मागत होती.

एकदा मी गंमत म्हणून विचारलं, की आमच्या सुरमईच्या कालवणावर तुमची लिराक चालेल का. त्यांचा चेहरा असा झाला, जणू मी त्यांच्या घराण्याला नावं ठेवली. "माशावर लाल? तोंडात गंजका खिळा धरल्यासारखं लागेल! लिराकला मटण द्या. भाजलेल्या वाटपाचं, वर काळी मिरी. मग बघा."

आणि हे सगळं सांगणारा माणूस एक घोटही गिळत नाही. वाइन तोंडात घ्यायची, घोळवायची, थुंकायची. कामाआधी चहा नाही, तिखट नाही, विडा नाही, अत्तर नाही. "आत या, दोन घास खा," म्हटलं की हात जोडायचे. "जीभ कोरी हवी, वहिनी. घरी दहीभात आहे. यल्ला, निघतो." सुट्टीच्या दिवशीही तेच उत्तर मिळायला लागलं, तेव्हा मी विचारणं सोडून दिलं.

मागच्या हिवाळ्यात मात्र साटम एकदा आत आले आणि सोफ्याच्या कडेला बसले. पहिल्यांदाच.

"सुलभा येतेय. महिनाभर."

सुलभा म्हणजे त्यांची बायको. इतक्या वर्षांत ती एकदाही मस्कतला आली नव्हती. मी म्हटलं, "अरे वा!"

"वा कसलं? माझं कॉन्ट्रॅक्ट संपतंय. ती म्हणते, मी स्वतः येऊन बघते. खाण्यापिण्याची आबाळ दिसली तर सही करायची नाही, सरळ माझ्याबरोबर गावाक यायचं." ते रुमालाची घडी घालत होते, मोडत होते. "नऊ वर्षं साहेबांच्या मागे लागलो, तेव्हा आत्ता लिराक मेनूत चढलीये. लोक विचारायला लागलेत. मला अजून दोन वर्षं हवीत हो."

"मग मी काय करू?"

"ती जे बोलेल त्याला तुम्ही फक्त हो म्हणा."

सुलभावहिनी आल्या त्याच संध्याकाळी माझ्याकडे आल्या. आमसुलं, कुळथाचं पीठ आणि फणसपोळी माझ्या ओट्यावर ठेवली आणि माझे दोन्ही हात धरले.

"ताई, तुमचे उपकार फेडूक जमाचे नाय. ह्येंका रोज जेवक वाढतास. सोमवारची वालाची उसळ, बुधवारची भरली वांगी, शुक्रवारचा मटण. सगळा माका फोनवर सांगतत."

माझ्या घरचा महिन्याभराचा स्वयंपाक ती बाई मला घडाघडा म्हणून दाखवत होती. त्यातला एक घासही साटमांनी खाल्लेला नव्हता. मी त्यांच्याकडे पाहिलं. ते बायकोच्या मागे उभे राहून चष्मा पुसत होते, आणि पुसता पुसता माझ्याकडे बघत होते.

"हो," मी म्हटलं. "अहो, त्यात काय एवढं!"

मी शाळेत शिकवते. वर्गात खोटं बोलणाऱ्याला मी उभं करते. त्या रात्री मला फार वाईट वाटलं, आणि ते खोट्याचं नव्हतं. भरल्या घरात एकट्या माणसाला पानावर बसणं जड जातं, हे मला इतकी वर्षं सुचलं कसं नाही?

परत जायच्या आदल्या दिवशी सुलभावहिनी माझ्याकडे नारळ खवत बसल्या होत्या. खाली मान घालूनच म्हणाल्या, "ताई, ते तुमच्याकडे जेवणत नाय. माका पैल्यापासून ठाऊक आसा."

माझ्या हातातला झारा तसाच राहिला.

"वास सगळ्याचो सांगतत. फोडणीचो, मसाल्याचो. पण मीठ कमी पडला काय जास्त, ता एकदाय सांगूक नाय. जेवणारो माणूस मिठाचा बोलता."

"मग आता? सही?"

"करूं देत. त्या लिराकाचा नाव काढला काय चेहरो कसो उजाळता, बघलात?" त्यांनी खोबऱ्याची ताटली माझ्याकडे सरकवली. "पण पोटात काय जाता ता तुमी बघा. आणि माका कळला म्हणान त्येंका सांगू नकात."

त्या गेल्या. दुसऱ्या दिवशी चारला बेल वाजली. साटमांनी डोळे मिटले, श्वास घेतला. निकाल द्यायच्या आत मी त्यांचा दंड धरून त्यांना आत ओढलं आणि टेबलाशी बसवलं.

"वहिनी, जीभ कोरी..."

"राहू दे कोरी. आज सुट्टी आहे तुमची. जेवा."

आधी लाजत जेवले, मग भुकेने जेवले. तेवढ्यात गावाहून रोजचा फोन आला.

"होय, वहिनींकडेच जेवतंय. वांग्याची भाजी." मग माझ्याकडे चोरून बघून त्यांनी आवाज खाली आणला, तरी तो मला स्वच्छ ऐकू आला. "पण मीठ वायच जास्त झालाहा आज."

पलीकडे सुलभावहिनी हसायला लागल्या, त्या थांबेचनात.

"अगो, हसतंस कित्याक?" साटम विचारत राहिले. त्या हसण्यामागचं रडू त्यांना ऐकू आलं की नाही, मला माहीत नाही. मला आलं. मी भात आणायच्या निमित्ताने स्वयंपाकघरात गेले.