रशीदभाईंची काकडी

रशीदभाई कामावर रोज दोन काकड्या आणत. एक जेवणाला, दुसरी प्रेसखाली घालायला.

वाळूजच्या आमच्या कारखान्यात ते सेन्सरचे मिस्त्री. पत्रा दाबून कापणाऱ्या प्रेससमोर हात आला की सेन्सर ओळखतो आणि प्रेस थांबते. मधे एक डबीएवढं यंत्र असतं, सेन्सरचा थरथरता सिग्नल नीट करून पुढं देणारं. ते कोणतं घ्यायचं, हे रशीदभाई पारखत. कॅटलॉग तोंडपाठ, पण भरवसा काकडीवर. काठीला बांधून ती चालू प्रेसखाली सरकवायची. अख्खी राहिली तर यंत्र पास. नाहीतर, "कोशिंबीर झाली. माल परत करा."

तीन नंबरच्या प्रेससाठी साहेबांना सिग्नल अगदी शांत करणारं यंत्र हवं होतं.

"पडद्यावर सिग्नलची रेघ बघा, कशी सरळ येते!"

"सरळ येते साहेब, पण लई उशिरा येते. बोटं गेल्यावर खरं बोलून काय फायदा?"

"तुमच्या यंत्रानं प्रेस उगाच थांबेल."

"थांबू द्या की."

साहेब ऐकेनात. तेव्हा रशीदभाईंनी काठी बाजूला ठेवली आणि काकडी त्यांच्या हातात दिली. "धरा. तुमच्याच पसंतीचं लावलंय."

साहेबांनी काकडीकडं पाहिलं, प्रेसकडं पाहिलं आणि रशीदभाईंनी निवडलेल्या यंत्राच्या कागदावर सही केली.

मग माशी आडवी गेली तरी प्रेस थांबू लागली. कामगार वैतागले. "चाचा, तुमचं यंत्र सशापेक्षा भित्रं हाय!"

"व्हय, हाय. तू बोटं मोज तुझी."

मी युनियनची पत्रकं लिहीत असे. बोटांपेक्षा उत्पादन मोठं मानणारा कारखाना गुन्हेगार आहे, हे तेव्हाही लिहिलं, आजही म्हणतो. त्या पत्रकात रशीदभाईंचं नाव ठळक टाकलं. ते म्हणाले, "नाव काढ." कारण सांगेनात.

त्यांना पटवायला रविवारी घरी गेलो. त्यांच्या बायकोनं सांगितलं, दर रविवारी ते पुंडलिकनगरला, दामूकडं असतात. तिथं गेलो. अंगणात खुर्चीवर एक माणूस तोंडाला साबण लावून बसला होता. उजव्या हाताला नुसता अंगठा. रशीदभाई त्याची दाढी करत होते.

मी पत्रक पुढं केलं. दामूनं ते वाचलं.

"आमच्या जुन्या कारखान्यातलं यंत्रबी यानंच निवडलं होतं," तो म्हणाला. "सरळ रेघवालं. मी कधीच बोलून दाखवलं नाय. तरी येतो."

रशीदभाईंनी माझ्याकडं पाहिलं नाही. डाव्या हातानं त्याची हनुवटी वर केली.

"बोलू नको, दामू. कापंल."